करमणुकीच्या उद्यानांतील पाट्या



सुट्टीच्या दिवशीं करमणुकीच्या उद्यानांत गेलेल्या कुटुंबाचा निम्मा वेळ रांगेंत जातो, आणि रांगेंत उभ्या असलेल्या माणसास दुसरा उद्योग नसल्यामुळें तो भोंवतालच्या पाट्या वाचतो. ‘गाडी चालू असतांना उभे राहूं नये.’ ‘हातपाय बाहेर काढूं नयेत.’ ‘मोकळे केस व ओढणी आवरून घ्यावी.’ ‘कुंपण ओलांडूं नये.’ सुशिक्षित गृहस्थ हें वाचून किंचित् हंसतो आणि शेजारच्यास म्हणतो, “हें का सांगावयास पाहिजे? चुलींत हात घालूं नये, अशी पाटी आपण स्वयंपाकघरांत लावतों काय?”

प्रश्न बिनतोड दिसतो. पण चुलीचें उदाहरण येथें लागू पडत नाहीं. चूल आपलें भय लपवीत नाहीं. विस्तव दिसतो, जवळ जातांच धग लागते, आणि रांगतें मूलसुद्धां एकदां चटका बसल्यावर शहाणें होतें. या यंत्रांचा प्रकार नेमका उलट. खोटें भय विकणें हाच त्यांचा धंदा. गाडी उंचावर नेऊन खालीं सोडतात, पोटांत गोळा येतो, आपण किंचाळतों, आणि दोन मिनिटांनीं सुखरूप उतरून हंसूं लागतों. असें दोनतीन वेळां झालें म्हणजे मनुष्याची खात्री पटते कीं, येथलें सारेंच भय लटकें आहे. खरें भय मात्र त्या वेळीं हाताच्या अंतरावर गुपचूप बसलेलें असतें आणि त्याची धग लागत नाहीं. डोळ्यांस व कानांस फसवून घेण्यासाठींच जेथें आपण पैसे मोजले, तेथें खरें बोलणारी ती पाटीच काय ती उरते.

उभें राहण्याचीच गोष्ट घेऊं. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथें १८८४ सालीं लामार्कस टॉम्प्सन यानें उतारावरून घरंगळणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशीं सुमारें सहा मैल, म्हणजे टांग्याच्या घोड्यानेंही हंसावें इतका. पुढें वेग वाढला, चढउतार तीव्र झाले, आणि टेंकडीच्या माथ्यावर गाडीच रुळावरून उडेल अशी भीति उत्पन्न झाली. त्यावर जॉन मिलर या कारागिरानें रुळाच्या खालच्या अंगासही चाकें बसविण्याची युक्ति काढून १९१९ सालीं तिचें पेटंट घेतलें. गाडी आतां रुळाला खालून बिलगून राहते. ती उडूं शकत नाहीं.

पण बसणाऱ्यास अशीं चाकें कोठें आहेत? माथ्यावर गाडी खालीं वळते आणि शरीर सरळ पुढें जाऊं पाहतें. न्यूटनचा पहिला नियम आम्ही मुलांकडून घोकून घेत असूं. निम्म्या वर्गास त्याचा अर्थ कळत नसे, आणि खरें सांगावयाचें तर एका रोलरकोस्टरनें तो वर्षभराच्या शिकवणीपेक्षां लवकर कळेल. शरीरास त्या क्षणीं गाडीशीं बांधून ठेवणारी वस्तु एकच, मांडीवरची दांडी किंवा कमरेचा पट्टा. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँडमध्यें मॅटरहॉर्न नांवाची अशी गाडी १९५९ सालीं सुरू झाली. १९६४ च्या मे महिन्यांत पंधरा वर्षांचा एक मुलगा पट्टा सुटलेला असतांना तीत उभा राहिला, बाहेर फेंकला गेला आणि कांहीं दिवसांनीं मरण पावला. त्या उद्यानांतील पाहुण्याचा तो पहिला मृत्यु. १९८४ सालीं त्याच गाडींतून एक स्त्री पडून मेली. तिचाही पट्टा सुटलेला आढळला. तेथें ‘कृपया बसून राहा’ हें इंग्रजींत व स्पॅनिशमध्यें ऐकवितात, आणि लोक तेंच वाक्य गंमत म्हणून आपल्या सदऱ्यांवर छापून मिरवितात.

हात बाहेर काढण्याचा हिशेब सोपा आहे. ताशीं ६० किलोमीटर जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें साडेसोळा मीटर पुढें जाते. समोरचा खांब दिसून हात आंत घेण्यास चपळ माणसास पाव सेकंद लागला असें धरलें, तरी तेवढ्यांत गाडी चार मीटर सरकलेली असते. म्हणजे खांब दिसण्याचा कांहीं उपयोगच नाहीं. अबुधाबीला, जेथें आपल्याकडील पुष्कळ कुटुंबें नोकरीनिमित्त राहतात, २०१० सालीं ‘फॉर्म्युला रोसा’ ही गाडी सुरू झाली. तिचा वेग ताशीं २४० किलोमीटर; बसणारांस डोळ्यांवर चष्मे चढवावे लागतात. येथें वैरी कोण, तर उडता किडा आणि वाळूचा कण!

कुंपणाची पाटी सर्वांत निरर्थक वाटते. कोण कुंपण चढेल? ज्याची टोपी पडली तो. अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत एका उद्यानांत अशी गाडी आहे कीं, तीत बसणारे वरच्या रुळाला लोंबकळतात व पाय मोकळे असतात. २००२ सालीं बसलेल्या एका व्यक्तीच्या पायाचा तडाखा लागून खालीं असलेला तेथील कामगार मेला. २००८ सालीं सतरा वर्षांचा एक मुलगा, दोन कुंपणें आणि धोक्याच्या पाट्या ओलांडून त्याच गाडीच्या वाटेंत शिरला व जागच्या जागीं ठार झाला. २०१५ सालीं ओहायोंतील एका उद्यानांत एक प्रौढ गृहस्थ खिशांतून पडलेली वस्तु आणावयास कुंपणापलीकडे गेला आणि त्याचीही तीच गत झाली. हीं माणसें मूर्ख होतीं असें म्हणून मोकळें होतां येत नाहीं. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळांत ती जागा पाहावी: गवत, ऊन, शांतता, वर रिकामा रूळ. भय वाटावें असें तेथें कांहींच नसतें.

आणि जें यंत्र सर्वांत गरीब दिसतें, त्याच्याविषयीं गृहिणींनीं अधिक सावध असावें. लहानशी बुटकी मोटार, जिला गोकार्ट म्हणतात, ती जमिनीवरूनच धांवते. उंची नाहीं, किंकाळी नाहीं. २०१९ सालीं हरियाणांतील पिंजोर येथें आणि २०२० सालीं हैदराबादेजवळ, दोन तरुण स्त्रियांचे केस अशा मोटारीच्या चाकांत गुंतले व दोघी प्राणांस मुकल्या. फिरतें चाक केसांची बट धरतें तेव्हां तें सोडीत नाहीं, गुंडाळीत जातें. चालकाचा पाय ब्रेकवर जाण्याआधीं सारें आटोपलेलें असतें. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ सालीं नीस शहरीं उघड्या मोटारींत गळ्यांतील लांब रेशमी वस्त्र चाकांत अडकून मरण पावली, तोही हाच प्रकार. तेव्हां ‘ओढणी आवरा’ या दोन शब्दांवर कोणा मुलीनें नाक मुरडूं नये.

इतकें सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाटी लावली म्हणजे मालकाचें ऋण फिटलें, असा अर्थ कोणीं काढूं नये. अहमदाबादेस कांकरिया येथें २०१९ च्या जुलैंत मोठा झोका मोडून दोघे मेले व पुष्कळ जखमी झाले. तीं माणसें सर्व नियम पाळून, पट्टे बांधून बसलीं होतीं. फ्लोरिडांतील ओर्लँडो शहरीं २०२२ सालीं, ४३० फूट उंच मनोऱ्यावरून खालीं सोडण्याच्या यंत्रांतून चौदा वर्षांचा एक मुलगा निसटून पडला. यंत्र बनविणाराच्या पुस्तकांत बसणाराचें वजन १३० किलोपर्यंतच असावें असें लिहिलें होतें. मुलाचें वजन १७० किलोहून अधिक होतें. त्याच्या आसनाचा पहारेकरी म्हणून जो विजेचा डोळा बसविलेला असतो, तो हातानें फिरवून सैल केलेला आढळला. त्यामुळें दांडी पुरती बसली नसतांही दिवा मात्र ‘ठीक’ असा लागला. दुसऱ्या यंत्रांवर त्या दिवशीं मुलास नकार मिळाला होता, असें त्याच्या वडिलांनीं सांगितलें. ज्यांनीं नकार दिला, त्यांना त्यानें मनांत किती बोल लावले असतील!

म्हणून सर्वांत अधिक भांडणें जिच्यावरून होतात, त्या उंचीच्या पट्टीकडे येतों. ‘आमचा बाळ्या फार धीट आहे हो,’ असें आईबाप सांगतात. पण दांडीला धीटपणा कळत नाहीं. ती मांडीवर व कमरेवर बसावी अशी बेतलेली असते, आणि आंखूड शरीर तिच्याखालून सुळकन् निसटूं शकतें. वयाचा, हुशारीचा, तिकिटाचा येथें संबंध नाहीं. मुंबईजवळच्या एका उद्यानांत एक सुटाबुटांतले गृहस्थ मुलाच्या बुटांत रुमालाच्या घड्या घालतांना मीं पाहिले आहेत. समोर दारावर पट्टी घेऊन उभा असलेला पोरगा वीसबावीस वर्षांचा, पगार बेताचा. आपल्यापेक्षां वडील व श्रीमंत माणसांना दिवसांतून पन्नास वेळां ‘नाहीं’ म्हणण्याचें काम त्याच्या गळ्यांत आहे, आणि ‘तुझ्या मॅनेजरला बोलाव’ हें वाक्य तो तितक्याच वेळां ऐकतो. त्याच्याशीं हुज्जत घालूं नये. मुलाचें रडें थांबवावयाचें असेल तर त्या पट्टीची उंची विचारून कागदावर टिपून घ्यावी, आणि घरीं गेल्यावर दाराच्या चौकटीवर तेवढ्या उंचीवर पेन्सिलीनें रेघ ओढून द्यावी. रोज सकाळीं दांत घासण्याआधीं तो तिला पाठ लावून उभा राहील.