कामावर जाऊनही दारू सुटते
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाचवे शील आपल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण सकाळी चहाचा कप धरताना ज्याचे हात थरथरतात, त्याने ते कितीदा म्हटले तरी हात थांबत नाहीत. तो आजारी आहे. त्याला दवाखाना पाहिजे. केंद्र सरकारने २०१९ साली देशभरची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळालेला दिसला.

आम्ही गिरणीतली माणसं. आमच्यात विचारले तर उत्तर ठरलेले : "महिनाभर भरती झालो तर खाडे पडतील, घर कोण चालवील?" खरे आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे केले, तिथे महिनाभर राहून उपचार घेतात. पण मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपर काढून, औषध घेऊन घरीही येता येते. मानसोपचार म्हटले की आपली माणसं "आम्ही काय वेडे आहोत?" म्हणून उठतात. अहो, त्या रांगेत झोप न लागणारे असतात, डोके दुखणारे असतात. तुमच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही!

आता हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू एकाएकी तोडू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भिंतीवर किडे दिसू लागतात, प्रसंगी माणूस दगावतो. वस्तीत म्हणतात बाहेरचं झालं, आणि अंगारा लावतात. बाहेरचं काही नसते, दारू तुटल्याचा तो झटका असतो. डॉक्टर त्यासाठी थोडे दिवस गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करत आणतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व देतात. या गोळ्या घरच्यांनी आपल्या ताब्यात ठेवाव्यात. दारूवर त्या घेणे धोक्याचे. पूर्वी फिट किंवा भ्रम झाला असेल तर मात्र भरतीच करा. तिथे खाड्यांचा हिशोब नको.

दुसरे, "नकळत दारू सोडवा" या जाहिराती. डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ती माणसाला सगळे सांगून, त्याच्या राजीखुशीने देतात. माऊलींनो, भाजीत कालवून देऊ नका. नवरा जायचा.

गर्द ओढणाऱ्या पोरांना काही केंद्रांत जिभेखाली ठेवायची गोळी मिळते. "एक नशा सोडून दुसरी" असे टोमणे आम्ही ऐकतो. त्या गोळीने अंग मोडून येणे थांबते, पोरगा कामावर जातो. आम्हांला एवढे पुष्कळ वाटते.

मध्येच कोणी पुन्हा प्याला तर केसपेपर फाडू नका, पुढच्या तारखेला न्या. सरकारचा १४४४६ हा फोन फुकट आहे. आणि आम्ही चौघे दर सोमवारी सकाळी सात वाजता विहाराच्या पायरीवर थांबतो. पहिल्या दिवशी माणूस रांगेतून पळतो, म्हणून त्याला आम्ही दोघांच्या मध्ये उभे करतो.