संकेतस्थळाचा पत्ता, घराचा पत्ता

कागलच्या गैबी चौकात कुणालाही विचारा, माझं घर दाखवतील. त्याचा मला संकोच नाही. विचारणाऱ्याचा चेहरा तरी दिसतो. पण कवितांसाठी संकेतस्थळ घ्यायचं ठरलं आणि नाव, पत्ता, फोन सगळं लिहून द्यायची वेळ आली. मुलगी म्हणाली, "अब्बा, हे कुणाकुणाला दिसणार, ते आधी विचारा."

'हूइज' नावाच्या नोंदवहीत पूर्वी ही माहिती जगात कुणालाही वाचता येई. मे २०१८मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाला, तेव्हा डॉट कॉमसारख्या नावांच्या पुष्कळ नोंदी झाकल्या गेल्या. मुस्लिम नावाच्या मराठी कवीला प्रेमाची पत्रं येतात, तशी रागाचीही. रागाला घरचा दरवाजा कशाला दाखवायचा?

म्हणून नोंदणी करणाऱ्यांना मी विचारलं: पत्ता झाकायचे वेगळे पैसे घेता का? नंबर जाहिरातवाल्यांना देता का? उद्या दुसरीकडे जायचं झालं, तर नाव सोडाल ना? एकाने शेवटच्या प्रश्नाला बगल दिली. त्याला सोडलं. खोटा पत्ता मात्र देऊ नये. त्यावरून नाव रद्द होऊ शकतं.

देवनागरीतलं 'डॉट भारत' २०१४पासून मिळतं, मोह होतो. पण त्याची वही आपल्याकडची निक्सी ही संस्था सांभाळते. तिचे नियम वेगळे. ते वाचतो आहे.