न दिसणाऱ्या गड्याशीं बोलणें
(शेगांव येथें तरुणमंडळींपुढें केलेलें भाषण)



शेगांवच्या माणसास गप्पांची गोडी नव्यानें लावावयास नको. येथील स्टेशनावर हातांत ऊन कचोरी घेऊन, गाडी येईपर्यंत क्रिकेटवर वाद घालणारे गृहस्थ आपण सर्वांनीं पाहिले आहेत. कोणी कितीहि तावातावानें बोलला, तरी समोरच्याचें तोंड त्याला दिसत असे. तें उतरलें कीं ह्याचा शब्दहि मऊ होई. आज त्याच गप्पा मोबाईलवर चालतात. क्रिकेट, बुद्धिबळ, नवीं यंत्रें ह्यांविषयीं पुण्याचा किंवा परदेशांतला मनुष्य घरबसल्या आपणांशीं बोलतो. हा लाभ मी लहान समजत नाहीं. उणीव आहे ती समोरच्या चेहऱ्याची.

आपल्याच लोहमार्गावरील नागपूरच्या दिव्या देशमुख ह्यांचें पाहा. जानेवारी २०२४ मध्यें नेदरलँड्समधील स्पर्धा खेळून झाल्यावर त्यांनीं इन्स्टाग्रामवर उघडपणें लिहिलें कीं, प्रेक्षक खेळ सोडून आपले कपडे, केस आणि उच्चार ह्यांविषयींच बोलतात. तेव्हां त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. पुढें २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें त्यांनीं महिला विश्वचषक जिंकला व त्या ग्रँडमास्टर झाल्या. कोनेरू हंपी ह्यांच्याशीं झालेल्या त्या अंतिम सामन्यांतील दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. बुद्धिबळावर बोलावयाचेंच असेल, तर रात्र पुरणार नाहीं इतका विषय त्यांत आहे!

पण दुसऱ्यांचे दोष सांगून मी सुटूं इच्छीत नाहीं. १९९७ सालीं डीप ब्ल्यू नांवाच्या संगणकानें जगज्जेत्या कास्पारोव्हला सामन्यांत हरविलें; आज त्याहून चांगलें खेळणारें यंत्र साध्या मोबाईलांत मावतें. म्हणून मोबाईलवर हरणाऱ्यास पहिला संशय येतो तो हाच, कीं समोरचा यंत्रास विचारून खेळत असावा. एके रात्रीं एका अनोळखी गड्यानें आपला घोडा देऊन मला मात केली. मीं लागलीच लिहिलें, "यंत्राचा घोडा छान धांवतो!" तो रागावला नाहीं. घोडा कां दिला, माझा राजा कसा कोंडला गेला, कोणतें प्यादें मीं पुढें ढकलावयास हवें होतें, हें सारें त्यानें नीट समजावून लिहिलें. आणि शेवटीं, "काका, उद्यां शाळा आहे, आतां निजतों," असें लिहून निरोप घेतला. माझें छायाचित्र त्याला दिसत होतें; त्याचें मला दिसत नव्हतें.

मीं क्षमा मागितली ती दुसऱ्या दिवशीं. तेवढ्यास मला एक रात्र लागली. तेव्हांपासून लिहिलेलें वाक्य पाठविण्यापूर्वीं मी एकदां मोठ्यानें वाचतों. घरचीं माणसें हंसतात, हंसोत. त्या मुलाशीं अजून डाव होतात. माझी वजीर लवकर बाहेर काढण्याची खोड मात्र त्याला अद्याप घालवितां आलेली नाहीं.