पुढच्या चाकांची वाटणी

पावसाळ्यात औंधच्या पाणंदीतून आजाऱ्याला न्यायचे असते आणि नेमकी जीप रुतते. पुढचे एक चाक गरगर फिरते, दुसरे ढिम्म! असे का? आसातला साधा डिफरन्शियल दोन्हींना सारखाच जोर वाटतो. चिखलातल्या चाकाला जेमतेम लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो.

घसरण आवरणारे डिफरन्शियल दोन तऱ्हेचे. दाबून बसवलेल्या चकत्यांचा, चाक अधांतरी असले तरी थोडा जोर पलीकडे देतो. पण चकत्या झिजतात, स्टिअरिंगही ओढू लागते. दातेरी चक्रांचा वळताना हलका. मात्र चाक अधांतरी सुटल्यास ब्रेक किंचित दाबून धरावा लागतो.

पुढच्या चाकांना ओढायचेही असते आणि वळायचेही. म्हणून रोजच्या गाडीला पुढे दातेरीच बरा. दोन्ही चाके जखडणारे कुलूप मागेच शोभते. २०२० च्या महिंद्रा थारच्या काही गाड्यांतही ते मागच्याच आसाला आहे.