सावित्रीच्या उगमाची यात्रा
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पार पडला. अशा मंगल प्रसंगी पोलादपूर-महाड खोऱ्यातील कुटुंबे ज्या डोंगरावरच्या देवाला जातात, त्या क्षेत्र महाबळेश्वराची आठवण होणे साहजिक आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर. घरात लग्न झाले, नवस फेडायचा राहिला, की यात्रेचा बेत ठरतो. म्हातारी आजी, मुलगा, सून, नातवंडे अशी सारी मंडळी निघतात. भाकरी-चटणीची शिदोरी बरोबर असते. वाटेत प्रतापगड लागतो. 10 नोव्हेंबर 1659 च्या अफजलखान-प्रसंगाने हा गड सर्वांना ठाऊक आहे. 1661 साली शिवछत्रपतींनी तेथे भवानीमातेची स्थापना केली. आजीला पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून कुटुंब तिच्या पावलाने चालते. यात्रेतील पहिला धडा हाच, की जो मागे राहतो त्याच्यासाठी सर्वांनी थांबायचे.

पुढे क्षेत्र महाबळेश्वरी स्वयंभू लिंगाचे दर्शन घेऊन मंडळी पंचगंगेच्या देवळात येतात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे पाणी तेथे एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडते. ब्रह्मदेवाने यज्ञाला आपल्यावाचून आरंभ केला म्हणून सावित्री रागावली, तिने देवांना नद्या होण्याचा शाप दिला, अशी कथा सांगतात. कृष्णा पूर्वेकडे सुमारे 1,400 किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला जाते. आजी नातवाला सांगते, "बाळा, आपल्या नदीचं पाणी इथून येतं." मग गडूत तीर्थ भरून घरी आणतात आणि देव्हाऱ्यात ठेवतात.

आता या तीर्थाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. 22 जुलै 2021 च्या सकाळपासून चोवीस तासांत महाबळेश्वरावर सुमारे 590 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन फूट पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेले. तळिये गावी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. गडूत मावणारे पाणी आणि घरात शिरणारे पाणी एकाच डोंगरावरचे आहे.

म्हणूनच ही यात्रा केवळ पुण्यासाठी नाही. ज्या मुलाने उगम पाहिला, त्याला वरचा पाऊस किती दांडगा आणि उतार किती उभा, हे सांगावे लागत नाही. महाबळेश्वरावर संततधार लागली, की नदीकाठचे आणि डोंगराच्या पायथ्याचे घर वेळीच सोडायचे, हे त्याला उमजते. तेव्हाही नियम यात्रेचाच. आजीला आधी उचलायचे, मग भांडीकुंडी.

यात्रा करावी तीही ऋतू पाहून. 28 जुलै 2018 रोजी दापोलीहून महाबळेश्वरला निघालेली बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि 30 जण दगावले. श्रावणी सोमवारची ओढ मोठी असते हे खरे. परंतु भर पावसात, धुक्यात, बालबच्चे घेऊन घाट चढण्याचा हट्ट देवाला मान्य होणार नाही. दिवाळीनंतर वाट कोरडी होते. माघातली महाशिवरात्र तर त्या क्षेत्राचा मोठा दिवस. मुंबईकर मंडळींनी तेव्हा सवड काढून मुलाबाळांना अवश्य न्यावे.

देऊळ दगड-चुन्याने नवे होते. खोऱ्याचे शहाणपण मात्र वडीलधाऱ्यांचे बोट धरून चालणाऱ्या नातवंडांत नवे होते. हे दोन्ही जीर्णोद्धार चालू राहोत, हीच ग्रामदैवताच्या चरणी प्रार्थना.

हर हर महादेव!