दुसरी किल्ली



घरापासून दूर राहणाऱ्या आपणां मंडळींना कुलपाचे महत्त्व सांगावयास नको. सुटीत गावी निघताना आपण कुलूप तीनतीनदा ओढून पाहतो. पण ते घडविणाऱ्याने दुसरी किल्ली स्वतःजवळ ठेवली असेल काय, ही शंका सहसा मनात येत नाही. भल्याभल्या राष्ट्रांनाही ती आली नाही.

स्वित्झर्लंडमध्ये त्सुग येथे क्रिप्टो एजी नावाची कंपनी होती. सरकारी संदेश गुप्त लिपीत बदलणारी यंत्रे ती शंभराहून अधिक देशांना विकीत असे. देश तटस्थ, म्हणून माल विश्वासाचा! भारत तिचा ग्राहक होता आणि पाकिस्तानही. फेब्रुवारी २०२० मध्ये उघडकीस आले की, १९७० पासून या कंपनीची मालकी अमेरिकेची सीआयए व पश्चिम जर्मनीची हेरसंस्था यांच्याकडे गुपचूप होती. यंत्रांतील सांकेतिक रचना मुद्दाम कच्ची ठेवली जाई. पैसे ग्राहकाने मोजावेत आणि त्याची पत्रे तिऱ्हाइताने वाचावीत, असा हा व्यवहार!

तिचा एक विक्रेता, हान्स ब्यूलर, १९९२ मध्ये इराणात पकडला गेला व नऊ महिने तुरुंगात राहिला. त्या बिचाऱ्याला यातले काही ठाऊकच नव्हते. दहा लाख डॉलर भरून कंपनीने त्याला सोडविले आणि पुढे नोकरीवरून काढून टाकले.

कपट नसले तरी धोका टळत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगातील सुमारे पंचाऐंशी लाख संगणक बंद पडले. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. पहारेकरीच दारात आडवा पडला!

सारे स्वदेशीच हवे, असा माझा हट्ट नाही. तसे म्हटले तर उद्या आमच्या कचेऱ्या उघडणार नाहीत. परंतु कुलूप खोलून आतील रचना तपासण्याचा अधिकार आपल्या तंत्रज्ञांस असावा, तसे तंत्रज्ञ पदरी असावेत आणि ही अट करारात लिहून घ्यावी, एवढे तरी आपल्या हाती आहे. अनेक खरेदी समित्यांवर मी बसलो आहे. तेथे किंमत विचारली जाते, हमीची मुदत विचारली जाते. हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. एकदा तो माझ्या ओठांवर आला होता. पण समोर सर्वांत कमी दराची निविदा होती, मार्चअखेर आठवड्यावर आली होती. मी मुकाट्याने सही केली.