पोत्यावरचं नाव



येताना एका गिरणीतून तांदळाच्या दोन पुड्या घेऊन आलो. ही अरव्याची, ही उसन्याची. उसना जरा पिवळसर दिसतो. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. त्यामुळे दाणा कमी तुटतो. आपल्या ताटात न वाफवलेला अरवाच लागतो, पण तिकडे बेनिन, टोगोमध्ये भारतातून गेलेला हाच उसना रोज शिजतो.

परदेशी गिऱ्हाईक आपल्या भागाला नवं नाही. पळस-कुसुमावरची लाख गोळा करून गोंदियाच्या कारखान्यांत तिचा चपडा होत असे. तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्याच्याच असत. पुढे विनाइल आलं आणि ते गिऱ्हाईक गेलं. गाणं तेच राहिलं, तबकडी बदलली!

तांदळाचं दुखणं वेगळं आहे. इथला माल काकिनाडा किंवा विशाखापट्टणमच्या बंदरापर्यंत पोचता पोचता दलालांच्या हातांतून जातो. बारदान्यावर नाव छापलं जातं ते निर्यातदाराचं. टोगोतल्या लोमेच्या दुकानदाराला गोंदिया हे गाव आहे की भाताची जात, हे कळायला वाव नाही. त्याचा सौदा ठरतो तुकड्यावर: पाच टक्के की पंचवीस. आपण जिला कनकी म्हणून बाजूला टाकतो, तिच्यावर तिकडे भाव ठरतो.

मग गिरणीवाले थेट का विकत नाहीत? खरं बोलतो, राग मानू नका. सरकारी भरडाई आहे ना! क्विंटलभर धान घ्यायचं, अरव्याचे 67 किलो किंवा उसन्याचे 68 किलो परत द्यायचे आणि भरडाईचे पैसे घ्यायचे. बिलं रखडतात, पण गिऱ्हाईक पळून जात नाही. परदेशी गिऱ्हाईक पळतं. आणि त्याला पळवायला कधी कधी आपलंच सरकार पुरतं. 20 जुलै 2023 ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. पुढच्याच महिन्यात उसन्यावर 20 टक्के शुल्क बसलं, ते पूर्ण उठलं ऑक्टोबर 2024 मध्ये. देशातले भाव आवरायला हवे होते, हे मान्य. पण सव्वा वर्ष कोणता व्यापारी हातावर हात ठेवून बसेल? थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तान दुकान मांडून बसलेलेच होते.

म्हणून परदेशी गिऱ्हाईक टिकवायचं तर शिष्टमंडळं आणि हारतुऱ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. पाच-सहा गिरण्यांनी मिळून एकच प्रत धरावी, बारदान्यावर ‘गोंदिया’ छापावं आणि पहिली दोन वर्षं नफ्याकडे न बघता एकाच बंदरात माल उतरवावा. शुल्क लागलं तरी थोडा का होईना, पण तोच माल पाठवत राहावं. मग पुढच्या वेळी फोन दलालाला न येता आपल्याला येईल.

या पुड्या इथेच ठेवतो. पुढच्या रांगेत गिरणीवाले बसले आहेत. उसन्यात तुकडा किती टक्के, ते त्यांनी चहा होईपर्यंत मोजून सांगावं. मी मोजलाय, पण आकडा आत्ताच फोडत नाही.